आकडा कुणाला दिसणार? सीजीएमची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही.)

आपण इथे इतिहास सांगतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण आजचा इतिहास असा आहे की तो तुमच्यापैकी काहींच्या दंडावर चिकटलेला असेल. दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठी, पांढरी चकती. जिममध्ये, लोकलमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर आता ती दिसायला लागली आहे. सीजीएम, म्हणजे कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर. तिच्याखाली केसासारखा बारीक तंतू कातडीच्या आत गेलेला असतो आणि शरीरातल्या साखरेचा आकडा तो दर काही मिनिटांनी फोनवर पाठवत राहतो.

या विषयावर येणारे मेसेज जवळपास सारखेच असतात. "कुठलं घेऊ? सगळ्यात अचूक कुठलं?" कुणी स्वतःसाठी विचारतं, कुणी बाबांसाठी, कुणी हॉस्टेलवर राहणाऱ्या धाकट्या बहिणीसाठी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल बोलणार नाही. पण या यंत्राचा इतिहास वाचल्यावर माझं मत असं झालंय की अचूकपणाचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा, की आकडा दिसणार कुणाला? तुम्हाला की डॉक्टरांना? लगेच की दोन आठवड्यांनी? आणि रात्री तीन वाजता साखर खाली गेली, तर ते यंत्र ओरडणार की गप्प बसणार? दुकानातल्या खोक्यांमधला खरा फरक इथे आहे. आणि या प्रत्येक गोष्टीसाठी कुणीतरी कधीतरी भांडलेलं आहे.

तर सुरुवात लघवीपासून करू. इलाज नाही, सुरुवात तिथेच आहे.

'मधुमेह' हे नावच लघवीच्या गोडीवरून पडलं. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत लघवीला मुंग्या लागतात अशी नोंद आहे. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरने रुग्णाची लघवी आटवली आणि तळाशी राहिलेला पदार्थ साखर आहे हे दाखवलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॅन्ली बेनेडिक्टचं निळं द्रावण आलं. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये तुम्ही ते उकळलं असेल: निळं, मग हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी. कित्येक वर्षं डायबेटीसचं 'मॉनिटरिंग' म्हणजे हेच होतं.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. तोवर टाईप वन डायबेटीस म्हणजे मृत्यूच होता. आता माणसं जगायला लागली, पण एक नवीच भीती आली. इन्सुलिन जास्त झालं तर साखर खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पडतो, कधी जातोसुद्धा. आपण ज्याला 'लो होणं' म्हणतो ते. आणि लघवी इथे काहीच सांगत नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. (आकडे आपण मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये बोलतोय, आपल्या लॅबच्या रिपोर्टवर असतात तेच.) म्हणजे १५० असो की ४५, लघवीची परीक्षा दोन्हीकडे निळीच. शिवाय ती सांगणार काही तासांपूर्वीची गोष्ट. गाडीचा स्पीडोमीटर मागच्या सिग्नलचा वेग दाखवतोय, असं समजा.

हे असं १९६० च्या दशकापर्यंत चाललं. त्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एम्स कंपनीने 'डेक्स्ट्रोस्टिक्स' नावाची पट्टी आणली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब टाकायचा, एक मिनिट थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि पट्टीचा रंग तक्त्याशी जुळवायचा. निळ्याच्या छटा ओळखायच्या होत्या, त्यामुळे दोघांना दोन उत्तरं मिळायची. मग त्याच कंपनीच्या ॲन्टन क्लेमेन्स या इंजिनिअरने रंग वाचणारं यंत्र बनवलं. घरातल्या जाडजूड शब्दकोशासारखं, किलोभराच्या वरचं. हा पहिला ग्लुकोमीटर. आणि आपल्या गोष्टीतलं पहिलं भांडण इथेच झालं.

रिचर्ड बर्नस्टीन. न्यूयॉर्कचा इंजिनिअर. १९४६ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याला टाईप वन डायबेटीस झाला. तिशी ओलांडेपर्यंत मूत्रपिंड, डोळे, पाय, सगळीकडून तक्रारी सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तो इमानदारीने करत होता, तरीही. १९६९ च्या सुमारास लॅबवाल्यांच्या एका मासिकात त्याला या मीटरची जाहिरात दिसली. ती होती हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागांसाठी: रात्री लॅब बंद असताना बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलाय की डायबेटीसचा आहे, हे ओळखायला. किंमत साडेसहाशे डॉलर, त्या काळचे.

बर्नस्टीनने ते मागवायचं ठरवलं. कंपनीने नकार दिला. रुग्णाला विकत नाही म्हणाले, फक्त डॉक्टर आणि हॉस्पिटलला.

इथे जरा थांबा. आजार त्याचा. रक्त त्याचं. पैसेही तोच देणार होता. तरी आकडा बघायची त्याला परवानगी नव्हती.

त्याची बायको डॉक्टर होती. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे साखरेशी थेट संबंध नाही, पण डिग्री होती. तिच्या नावाने ऑर्डर गेली आणि मीटर घरी आलं. मग हा माणूस दिवसातून पाच-सहा वेळा बोट टोचून घ्यायला लागला आणि इंजिनिअर जशी नोंद ठेवेल तशी ठेवायला लागला. काय खाल्लं की किती वाढते, एक युनिट इन्सुलिनने किती उतरते. काही वर्षांत त्याने स्वतःची साखर जवळपास निरोगी माणसासारखी आणली. याबद्दल लेख लिहून मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला, तो परत आला. शेवटी १९७९ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो स्वतःच मेडिकल कॉलेजात दाखल झाला, कारण डॉक्टर झाल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं! पुढे त्याने जो कमी कार्बोहायड्रेटचा कडक आहार सांगितला, त्यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही आणि मीही इथे त्याची वकिली करत नाही. पण मीटर रुग्णाच्या हातात असावं, हा त्याचा मुद्दा जगाने मान्य केला. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या दोन गटांनी 'लॅन्सेट'मध्ये छापलं की रुग्ण घरच्या घरी नीट मोजू शकतात. बर्नस्टीन २०२५ मध्ये गेला, नव्वदीत. टाईप वन घेऊन इतकं जगणारे फार थोडे असतात.

आता 'कंटिन्युअस' हा शब्द कुठून आला ते बघू. तो आला हृदयाच्या ऑपरेशनमधून. लीलँड क्लार्क नावाचा अमेरिकन संशोधक रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर काम करत होता. १९६२ मध्ये त्याने आणि लायन्स या सहकाऱ्याने एक निबंध छापला, विषय हृदयाच्या शस्त्रक्रियेदरम्यान सतत मोजमाप करणं. त्यात कल्पना होती की इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थर दिला, तर साखरही विजेच्या प्रवाहाने मोजता येईल. हे एन्झाइम बुरशीपासून मिळतं. साखर समोर आली की ते तिचं ऑक्सिडेशन करतं, त्यात इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात आणि तो बारीकसा प्रवाह मोजला की साखर कळते. तुमच्या घरातल्या ग्लुकोमीटरची पट्टी आणि दंडावरची चकती बहुतेक वेळा याच तत्त्वावर चालतात. साठहून जास्त वर्षं झाली, मूळ युक्ती तीच आहे.

मधला काळ भरभर सांगतो. १९७० च्या दशकात 'बायोस्टेटर' नावाचं पलंगाशेजारचं भलंमोठं यंत्र आलं. ते शिरेतून सतत रक्त ओढून साखर मोजायचं आणि त्याप्रमाणे इन्सुलिन सोडायचं. हॉस्पिटलच्या बाहेर त्याचा उपयोग शून्य. १९८२ मध्ये जपानमध्ये मोतोआकी शिचिरी यांच्या गटाने सुईसारखा सेन्सर कातडीखाली घालून अंगावर बाळगता येणारं यंत्र करून दाखवलं. आणि १९८७ मध्ये पेनाएवढा ग्लुकोमीटर बाजारात आला, तिथून घराघरांत बोट टोचणं सुरू झालं.

पण इतक्या वेळा मोजायचं कशाला, याचं ठोस उत्तर १९९३ मध्ये मिळालं. अमेरिका आणि कॅनडात टाईप वनच्या १,४४१ रुग्णांवर काही वर्षं चाललेला अभ्यास, डीसीसीटी. साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंड आणि नसांचं नुकसानही बरंच कमी. मात्र याच गटात गंभीर लो होण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. म्हणजे साखर खाली आणायची तर डोळे वाचतात, पण पाताळात जायची भीती वाढते. या कात्रीतून सुटायचं तर आकडा सतत दिसायला हवा, झोपेतसुद्धा. दिवसातून चार वेळा बोट टोचून रात्रीचे तीन वाजता काय चाललंय ते कळत नाही.

आणि मग १९९९ साल. अमेरिकेच्या एफडीएने मिनीमेड कंपनीच्या पहिल्या सीजीएमला मान्यता दिली. पोटावर सेन्सर, त्यातून निघालेली वायर, आणि कमरेला पेजरएवढा डबा. दर पाच मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला २८८. तीन दिवस लावायचं. ऐकायला झकास! पण त्या डब्यावर साखरेचा आकडा दिसतच नव्हता. तीन दिवसांनी डबा डॉक्टरकडे न्यायचा, ते कॉम्प्युटरला जोडणार, आलेख काढणार आणि सांगणार की मंगळवारी पहाटे तुमची साखर ५० झाली होती. मंगळवारी! आज शुक्रवार.

आता न्यायाने बोलायचं तर त्यामागे कारण होतं. ते सेन्सर तेव्हा फार भरवशाचे नव्हते, दिवसातून चार वेळा बोट टोचून त्यांना खरा आकडा सांगावा लागायचा. अशा आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल, ही काळजी खरी होती. हृदयासाठी चोवीस तास लावतात ते होल्टर आठवा, तसाच हा तपासणीचा प्रकार होता. तरीही मला यात बर्नस्टीनच्या कंपनीचा आवाज ऐकू येतो. हे अर्धवट दिसणारं सीजीएम संपलं असं समजू नका, बरं का. आपल्या गावात ते आजही आहे, त्याकडे येतोच.

२००१ मध्ये आलं ग्लुकोवॉच. मनगटावरचं घड्याळ, जे कातडीतून हलका विजेचा प्रवाह सोडून द्रव बाहेर ओढायचं आणि त्यातली साखर मोजायचं. आकडा थेट रुग्णाला दिसायचा! पण सुरू व्हायला तीन तास लागायचे, बारा तासांत संपायचं, घाम आला की बंद पडायचं आणि कातडी लाल होऊन जळजळायची. लो झाल्यावर माणसाला घाम येतो, हे आठवतंय ना? म्हणजे ज्या क्षणी हवं त्याच क्षणी ते रुसायचं. काही वर्षांत ते बाजारातून गेलं.

मग सुईवाल्या सेन्सरचा आकडा स्क्रीनवर जिवंत दिसायला लागला. डेक्सकॉमचा पहिला सेन्सर २००६ चा, तीन दिवस टिकणारा. आणि २००८ मध्ये एक निकाल आला, जो तुम्हा तरुण मंडळींबद्दल आहे म्हणून नीट ऐका. टाईप वनच्या ३२२ जणांवर सीजीएमचा अभ्यास झाला. पंचवीसच्या वरच्या लोकांची साखर स्पष्ट सुधारली. १५ ते २४ वयाच्या मुलांत फरकच पडला नाही. का? पंचविशीवरच्यांपैकी ८३ टक्के लोक आठवड्यातले सहा किंवा जास्त दिवस सेन्सर लावत होते. १५ ते २४ मध्ये फक्त ३० टक्के. लहान मुलांतसुद्धा ५० टक्के होते, त्यांच्यामागे आईबाप होते. म्हणजे तेव्हाचं यंत्र कपाटात पडून होतं. जाडजूड, सतत टीं-टीं करणारं, चारचौघांत लपवावं लागणारं. मुलांवर आळसाचा ठपका ठेवणं सोपं आहे. मला त्यात यंत्राचा दोष जास्त दिसतो. जे तुम्ही कॉलेजमध्ये घालून फिरणार नाही, ते कितीही अचूक असलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही.

यानंतरचं भांडण फोनवरून झालं.

२०१२-१३ चा डेक्सकॉम चांगला होता, पण त्याचा आकडा एका छोट्या रिसीव्हरवर दिसायचा, काही मीटरच्या आत. न्यूयॉर्क राज्यात राहणारा जॉन कोस्टिक हा सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याच्या छोट्या मुलाला टाईप वन झालेला. मूल शाळेत, बाबा ऑफिसात, आणि आकडा शाळेच्या दप्तरात. २०१३ मध्ये त्याने रिसीव्हरची यूएसबी वायर उलगडली, आतली माहिती वाचणारा कोड लिहिला आणि ती फोनमधून इंटरनेटवर चढवली. ऑफिसात बसून त्याला मुलाची साखर दिसायला लागली. हे त्याने ट्विटरवर टाकलं. इतर आईबाप, इतर इंजिनिअर जमले, कोड सगळ्यांना फुकट खुला केला आणि त्यातून 'नाइटस्काउट' उभं राहिलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या एका बैठकीतून या लोकांना घोषवाक्य मिळालं: 'वुई आर नॉट वेटिंग'. आम्ही वाट बघत बसणार नाही.

सिॲटलची डेना लुईस त्यांतलीच. तिची अडचण अगदी साधी होती: ती गाढ झोपायची आणि यंत्राचा अलार्म तिला ऐकू यायचा नाही. आवाज मोठा करायची सोय कंपनीने दिलेली नव्हती. कोस्टिकचा कोड मिळाल्यावर तिने आणि तिच्या जोडीदाराने आकडा बाहेर काढून मोठा अलार्म बनवला. पुढे त्याच माहितीवर इन्सुलिन पंप आपोआप चालवणारी यंत्रणा तयार केली आणि २०१५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. सुरुवात फक्त मोठ्या आवाजापासून झाली होती!

कंपन्यांनाही हलावं लागलं. जानेवारी २०१५ मध्ये एफडीएने डेक्सकॉमचा आकडा फोनवरून घरच्यांना दाखवायला परवानगी दिली. आज ॲपमध्ये 'शेअर'चं बटण दिसतं, त्याच्या आधी एका बापाची यूएसबी वायर आहे.

यातला विनोदी भागही सांगतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, सीजीएमचा खर्च द्यायला सुरुवात केली, पण अट अशी की आकडा फोनवर बघायचा नाही! कारण फोन म्हणजे वैद्यकीय उपकरण नव्हे. आजोबांनी आकडा नातीच्या फोनवर पाठवला तर विमा बाद. ओरडा झाला, २०१८ च्या जूनमध्ये नियम बदलला.

आता आपल्या ओळखीच्या चकतीकडे येऊ. तिची मुळं टेक्ससमधल्या ॲडम हेलर या रसायनशास्त्रज्ञाच्या कामात आहेत. एन्झाइममधले इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवणारं, जणू एन्झाइमला वायर जोडणारं रसायन त्याने तयार केलं. त्याच्या मुलाने १९९६ मध्ये कंपनी काढली, ती २००४ मध्ये ॲबटने विकत घेतली. २०१४ मध्ये युरोपात 'फ्रीस्टाइल लिब्रे' आलं. चौदा दिवस टिकणारं, आणि मुख्य म्हणजे बोट टोचून जुळवाजुळव करायची गरज नसलेलं. किंमतही त्या वेळच्या इतर सीजीएमपेक्षा कमी. २०१६ च्या एका अभ्यासात टाईप वनचे जे रुग्ण आधीच चांगले सांभाळून होते, त्यांचा लोमध्ये जाणारा वेळ लिब्रेने ३८ टक्क्यांनी कमी झाला.

पण पहिलं लिब्रे मुकं होतं. यंत्र दंडाजवळ नेऊन स्कॅन करेपर्यंत ते काही सांगायचं नाही. झोपलेला माणूस स्कॅन कसा करणार? अलार्म आला तो लिब्रे २ मध्ये, आणि स्कॅन न करता सतत आकडा फोनवर यायला लागला तो लिब्रे ३ मध्ये. नावं सारखी, खोकी सारखी, किमतीत थोडा फरक, आणि रात्री तीनच्या हिशेबात जमीन-अस्मानाचं अंतर.

आता आपल्याकडे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आहे. त्यात बहुतेक टाईप टू. इथे सीजीएम घेताना पहिली गल्लत 'प्रो' या शब्दावर होते. मोबाईलची सवय अशी की प्रो म्हणजे भारीतलं. लिब्रे प्रो भारतात २०१५ मध्ये आलं आणि ते म्हणजे १९९९ च्या त्या कमरेच्या डब्याचा नातू. चौदा दिवस तुमच्या दंडावर, पण आकडा तुम्हाला दिसणार नाही, नंतर डॉक्टर वाचणार. हे वाईट आहे का? अजिबात नाही. बाबांना टाईप टू आहे, गोळ्यांवर आहेत, लो होण्याचा इतिहास नाही आणि डॉक्टरांना बघायचंय की रात्रीच्या जेवणानंतर काय होतं, तर वर्षातून एक-दोनदा असं सेन्सर लावणं शहाणपणाचं आणि स्वस्तही. सतत आकडा दिसला की काही लोक घाबरून जेवणच टाकतात, तेही टळतं. पण इन्सुलिनवर असलेल्या, पुण्यात खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या मुलीला तुम्ही प्रो लावून दिलंत, तर तिच्या रात्री होत्या तशाच राहिल्या. तिला ओरडणारं यंत्र हवं, आणि तो ओरडा नाशिकला आईच्या फोनवरही पोहोचायला हवा.

अचूकपणाबद्दलही सांगतो, नाहीतर तुम्ही मला सोडणार नाही. त्यासाठी 'मार्ड' नावाचा आकडा सांगतात, म्हणजे लॅबच्या मोजणीपासून सरासरी किती टक्के फरक. जितका कमी तितकं बरं. आजचे नामांकित सेन्सर आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास आहेत. त्यामुळे ८.२ चं घेऊ की ९.१ चं, यावर रात्र घालवू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या एखाद्या नव्या ब्रँडने हा आकडा कुठे छापलेलाच नसेल, तर मात्र तिथेच थांबा. आणि चकती रक्तातली साखर मोजत नाही, पेशींमधल्या द्रवातली मोजते. ती काही मिनिटं मागे असते. जेवल्यावर किंवा धावताना ग्लुकोमीटर १४० आणि फोन ११५ दाखवतोय म्हणून सेन्सर खराब असं नसतं. त्या कुशीवर झोपलात, चकती दाबली गेली, तर खोटा लो दिसतो. काही सेन्सर पॅरासिटामॉलने फसतात, काही व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने. खोक्यातला कागद वाचा. अंगाला जाणवतंय एक आणि फोन सांगतोय दुसरं, अशा वेळी बोट टोचायचं. म्हणून जुना ग्लुकोमीटर फेकू नका.

२०१९ मध्ये तज्ज्ञांनी एक साधं माप ठरवलं, बहुतेक प्रौढांसाठी: दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ साखर ७० ते १८० मध्ये, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. म्हातारी माणसं आणि गरोदर स्त्रिया यांचं माप वेगळं. हे माप तुमच्या ॲपमध्ये दिसेल. ते डॉक्टरांसोबत बघा, रीलमधल्या फिटनेस गुरूसोबत नको.

रीलचा विषय निघालाच म्हणून सांगतो. मार्च २०२४ मध्ये एफडीएने स्टेलो नावाचं सीजीएम प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला मान्यता दिली, इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांसाठी. बर्नस्टीनला जे बायकोच्या नावाने मागवावं लागलं, ते आता अमेरिकेत कुणीही घेऊ शकतं. पण स्टेलो लो झाल्याचा अलार्म देत नाही. कंपनी तीच डेक्सकॉम. परदेशातला मामा कौतुकाने काही घेऊन येणार असेल तर मॉडेल विचारा, आणि त्याचं ॲप भारतात चालतं का तेही. आणि त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एफडीएने बजावलं होतं की कातडीला न टोचता साखर मोजतो म्हणणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दीड-दोन हजारांत 'ब्लड शुगर' दाखवणारी घड्याळं आपल्याकडे सर्रास दिसतात. ग्लुकोवॉचने निदान कातडी जाळून काहीतरी मोजलं तरी होतं.

पैशाचं काय? वैयक्तिक सेन्सरला काही हजार रुपये पडतात आणि बऱ्याच मॉडेलचे महिन्याला दोन लागतात. इंग्लंडमध्ये २०२२ पासून टाईप वनच्या प्रौढांना सीजीएम द्यावं अशी अधिकृत शिफारस आहे, तिथे सरकारी सेवा खर्च करते. आपल्याकडे बहुतेक आरोग्य विमे हॉस्पिटलात भरती झाल्यावरचे. त्यामुळे बाराही महिने जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून ठरावीक वेळी लावा: औषध बदललं, परीक्षा आली, नाइट शिफ्ट सुरू झाली, रोजे किंवा नवरात्राचे उपास आले की. इन्सुलिनवर असलेल्यांचा खर्च आधी, कुतूहलवाल्यांचा नंतर, घरात बजेट एकच असेल तर मी तरी असाच क्रम लावेन.

आणि फोन. आता अलार्म वाजवण्याचं काम तुमच्या फोनचं आहे, आणि फोनला ते माहीत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएने याबद्दलच सूचना काढली: फोनच्या सेटिंगमुळे, अपडेटमुळे किंवा नवा हेडफोन जोडल्यामुळे लोकांचे अलार्म वाजलेच नाहीत. ॲन्ड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद करतात, त्यातून सीजीएमचं ॲप वगळा. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये त्याला परवानगी द्या. विकत घेण्याआधी कंपनीच्या यादीत तुमच्या फोनचं मॉडेल आहे का ते तपासा. सेन्सर लावला की एका दुपारी, घरात कुणीतरी असताना, लो अलार्मची मर्यादा त्या वेळच्या साखरेच्या वर जाईल इतकी चढवता येते का बघा. फोन झोपताना ठेवता तसाच ठेवून वाजतो का ते ऐका, आणि मग मर्यादा परत खाली आणून ठेवा.